पडण्याची विद्या

कलावंताने एखाद्या खेळापासून पडण्याची विद्या शिकावी, असे कोणी म्हटले तर आपणांस नवल वाटेल. स्केटबोर्डचा खेळ मात्र तसा आहे. सुमारे ८० सेंटिमीटर लांबीची फळी, तिच्याखाली चार चाके आणि वर तोल सांभाळीत उभे राहिलेले मूल, एवढाच ह्या खेळाचा संसार.

१९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी, लाटांवर स्वार होणाऱ्या मुलांमध्ये तो रुजला. १९७६-७७ साली तेथे अवर्षण पडले, पोहण्याचे हौद कोरडे झाले आणि त्यांच्या गोलाकार भिंतींवर ही मुले फळ्या चढवू लागली. अशा भिंतीवरून पडणे ठरलेलेच. म्हणून शिकणारा आधी पडावयास शिकतो. गुडघ्यांना जाड गाद्या बांधावयाच्या आणि तोल गेला की त्यांवर घसरत खाली यावयाचे.

ह्याहून मोलाची गोष्ट म्हणजे भोवतालच्या मंडळींची वृत्ती. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे टोनी हॉक ह्याने हवेत अडीच गिरक्या घेण्याचा चंग बांधला. तो पुनःपुन्हा पडला, नेमलेली वेळही संपली. तरी प्रतिस्पर्धी त्याला उत्तेजन देत राहिले आणि अखेर ती उडी साधली. पण न साधलेल्या उडीचे काय? २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये जपानची मिसुगू ओकामोटो अखेरच्या फेरीत पडली आणि तिचे पदक हुकले. ती रडत बाहेर आली, तेव्हा इतर देशांच्या स्पर्धक मुलींनी तिला खांद्यावर उचलून घेतले. अवघड तेच करावयास ती गेली होती, हे त्या जाणत होत्या.

आपल्याकडे गवई बंद दाराआड रियाज करतो, चित्रकार फसलेले चित्र भिंतीकडे वळवून ठेवतो. कच्चे काम रसिकांपुढे मांडू नये, ही शिस्त योग्यच आहे. परंतु समव्यवसायी मित्रांपुढेही ते मांडावयाची लाज वाटू लागली, म्हणजे कलावंत हळूहळू साधलेलेच पुन्हा करू लागतो. टाळ्या मिळत राहतात आणि वाढ खुंटते.

तेव्हा एखादा मित्र अर्धवट जमलेली तान किंवा अडलेला प्रवेश घेऊन आपल्याकडे आला, तर दोष दाखविण्यापूर्वी त्याने काय साधू पाहिले होते, एवढे त्यास अवश्य विचारावे.