पासवर्ड बरोबर, घड्याळ चूक

साताऱ्यात शाहूपुरीत माझे मामा राहतात. शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मुलाने घेऊन दिलेला लॅपटॉप ते अजून वापरतात. बारा वर्षं झाली त्याला. मोठी बॅटरी फुगली म्हणून केव्हाच काढून टाकलीय. चार्जर लावला की चालतो, काढला की बंद. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "अरे, मेल उघडत नाही बघ. पासवर्ड वहीत लिहिलाय तोच घालतोय. सूनबाईंच्या मोबाइलवरून चार वेळा बदलूनही झाला."

मी गेलो तेव्हा टेबलावर वही उघडीच होती. एका पानावर पाच पासवर्ड, त्यातले चार खोडलेले. पण माझी नजर गेली ती पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथे तारीख होती १ जानेवारी २०१२.

पासवर्डला काहीच झालं नव्हतं. लॅपटॉपचं घड्याळ बंद पडलं होतं.

लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला तरी त्याच्या पोटातलं एक घड्याळ चालूच असतं. क्वार्ट्झ स्फटिकाचा इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. तो २ चा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा करत गेलं की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच हिशेब चालतो. या घड्याळाला जागं ठेवतो तो बहुतेक जुन्या यंत्रांत एक नाण्याएवढा लिथियमचा सेल. सीआर २०३२ हे त्याचं नावच त्याचं माप सांगतं: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्यात सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास वीज मावते. घड्याळ ३ मायक्रोअँपिअर ओढतं असं धरलं, तर तो साडेआठ वर्षं पुरतो. मोठी बॅटरी जागेवर असली तर ती यातला बराच भार उचलते. मामांच्या लॅपटॉपमध्ये ती नव्हती. रोज रात्री प्लग काढला की सगळा भार त्या एका सेलवर यायचा.

आपल्याकडचे निम्मे जुने लॅपटॉप असेच, मोठ्या बॅटरीविना भिंतीच्या प्लगवर जगतात, असं मला दिसत आलंय. म्हणून हे सविस्तर सांगतोय.

आता तारीख चुकली तर मेल का अडावी? त्यासाठी एसटीचा पास डोळ्यांपुढे आणा. पासवर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत, आणि खाली आगाराचा शिक्का. तुम्ही मेल उघडायला जाता तेव्हा ब्राउझर तुमचा पासवर्ड लगेच पाठवत नाही. आधी तो समोरच्या सर्व्हरकडे पास मागतो: तू खरंच तोच आहेस का, दाखव. या पासला डिजिटल प्रमाणपत्र म्हणतात. त्यावरही दोन तारखा असतात आणि एका मान्यताप्राप्त संस्थेची डिजिटल सही असते. ज्या कंडक्टरच्या कॅलेंडरवर २०१२ साल आहे, त्याच्यासमोर यंदाचा पास धरला तर तो म्हणणार, हा अजून सुरूच झालेला नाही. ब्राउझर नेमकं तेच करतो. इंग्रजीत इशारा देतो आणि दार लावून घेतो. तो इशारा वाचून समजून घेणारे थोडे. मेल उघडली नाही याचा घरोघर एकच अर्थ लावला जातो, पासवर्ड चुकला. मग तो बदलायचा, पुन्हा बदलायचा, वहीत खोडाखोड करायची.

या पासांची मुदत आता आणखी आखडत चाललीय. सप्टेंबर २०२० पासून अशी प्रमाणपत्रं जास्तीत जास्त ३९८ दिवसांची असू शकत होती. १५ मार्च २०२६ पासून ती मर्यादा २०० दिवसांची, त्याच्या पुढच्या वर्षी १०० दिवसांची आणि २०२९ च्या मार्चपासून अवघ्या ४७ दिवसांची ठरलीय. म्हणजे घड्याळ थोडंसंच मागे राहिलं तरी अडणार.

पोवई नाक्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे आम्ही लॅपटॉप नेला. त्याने मागचे स्क्रू काढून झाकण उचललं. कोपऱ्यात पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, लाल आणि काळी अशा दोन बारीक वायरींचा सेल होता. मल्टिमीटर लावला; ३ व्होल्ट हवे तिथे १.१ दाखवले. नवा सेल बसवला, तारीख-वेळ लावली, आणि वहीतल्या पाचव्या, न खोडलेल्या पासवर्डने मेल उघडली. मामा काही बोलले नाहीत. बँकेचं पत्र आलंय का, तेवढं पाहत राहिले.

घड्याळ लावूनही काही संकेतस्थळं उघडत नाहीत, तेव्हा दुखणं शिक्क्यांचं असतं. कंडक्टरजवळ ओळखीच्या शिक्क्यांची एक वही असते असं समजा. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधली ती वही जुनीच राहते. ३० सप्टेंबर २०२१ ला हे जगभर दिसलं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट प्रमाणपत्रं देते. तिच्या मागे उभ्या असलेल्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली आणि ज्यांच्या वहीत नवा शिक्का पोचलाच नव्हता अशी कितीतरी जुनी यंत्रं अडून बसली. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. क्रोम ब्राउझरनेही विंडोज ७ साठी १०९ व्या आवृत्तीवर हात थांबवले. फायरफॉक्स मात्र शिक्क्यांची वही स्वतःजवळ बाळगतो, विंडोजची वापरत नाही. त्यामुळे जुन्या यंत्रावर एक ब्राउझर अडला तर दुसऱ्याने उघडून बघावं. लांबचा विचार असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून घ्यावं. चार जीबी मेमरी आणि एसएसडी असलेल्या दहा वर्षांच्या लॅपटॉपवर ते मेल आणि बँकेपुरतं चांगलं चालतं. यंत्र भंगारात घालण्याआधी हा पर्याय आजमावलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सांगलीला माझी मामेबहीण, ताई, एका हळदीच्या पेढीचा हिशेब लिहिते. तिचा लॅपटॉप एक दिवस सुरू होतानाच पासवर्ड नाकारू लागला. यंत्राचं घड्याळ ठीक होतं. फोनवर मी विचारलं, "ताई, पडद्यावर कोपऱ्यात भाषा कोणती दिसतेय?" ती म्हणाली, "मराठी." तिथेच उत्तर मिळालं. आदल्या दिवशी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी पत्र टाइप करून तिने लॅपटॉप तसाच मिटला होता. इन्स्क्रिप्टमध्ये 'के' ची कळ दाबली की क उमटतो, 'जे' ची दाबली की र. पासवर्डच्या चौकटीत मात्र नुसते ठिपके दिसतात. इंग्रजी अक्षरं जात नाहीयेत, हे डोळ्यांना कळायला मार्गच नाही. मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हा घोळ हमखास येतो. भाषा इंग्रजी केली, पासवर्ड चालला.

महिन्याभराने पुन्हा तेच. या वेळी भाषा बरोबर होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर शहरात शिरला तेव्हा हा लॅपटॉप माळ्यावर ठेवून वाचवलेला होता, पण कित्येक दिवस दमट हवेत पडून होता. लॅपटॉपच्या कळेखाली रबराची छोटी घुमटी असते आणि तिच्याखाली दोन पातळ थरांवर वाहक पट्ट्या. कळ दाबली की त्या एकमेकींना टेकतात. त्यांवर गंज किंवा चिकट मळ बसला की कळ कधी लागते, कधी लागत नाही, कधी दोनदा लागते. मी तिला वापरकर्त्याच्या नावाच्या रकान्यात पासवर्डची अक्षरं टाइप करून बघायला सांगितलं, कारण तिथे अक्षरं उघडी दिसतात. 'एस' ची कळ पाच दाबांत तीनदाच उमटत होती. दोनशे-चारशे रुपयांचा बाहेरचा कीबोर्ड यूएसबीला लावला आणि प्रश्न मिटला.

ताईने मला आणखी एक प्रश्न विचारला होता, तो अनेकांच्या मनात असतो. "मेलवाल्यांना माझा जुना पासवर्ड माहीत असणारच ना? मग सांगत का नाहीत?" माहीत नसतो, आणि यामागे साठ वर्षांचा अनुभव आहे. संगणकावर पासवर्डची पद्धत आणली ती अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने, १९६१ च्या सुमारास. तेव्हा सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. एकदा प्रणालीतल्या चुकीने ती फाइल आणि स्वागताचा संदेश यांची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकासमोर सगळ्यांचे पासवर्ड झळकले. पुढे १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी पासवर्डची नुसती पूड करून ठेवण्याची युनिक्समधली रीत शास्त्रशुद्ध मांडली. सांगलीत हे समजावणं सोपं आहे. हळकुंड दळून पूड होते, पुडीचं हळकुंड होत नाही. गणिती गिरणीत तोच पासवर्ड घातला की दर वेळी तीच पूड निघते. सर्व्हर फक्त पुडीशी पूड ताडून बघतो. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पूड वेगळी निघावी म्हणून दळताना त्यात आणखी काही अक्षरं मिसळतात. त्यांना संगणकशास्त्रात मीठच म्हणतात.

पूड चोरीला गेली तर चोर अंदाजाने हळकुंडं दळत बसतो. सेकंदाला एक हजार कोटी अंदाज करणारं यंत्र आणि हलकी गिरणी धरली, तर इंग्रजीची आठ यदृच्छ लहान अक्षरं २१ सेकंदांत सापडतात, बारा अक्षरांना ११० दिवस लागतात आणि सोळा अक्षरांना १ लाख ३८ हजार वर्षं. लांबी हीच ताकद आहे. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द इंग्रजी लिपीत सलग लिहावेत. लक्षातही राहतात. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती मात्र आता सोडून द्यावी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी २००३ साली तसा सल्ला लिहिणारे बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खंत व्यक्त केली, आणि संस्थेनेही त्याच वर्षी तो मागे घेतला. कित्येक कचेऱ्यांत तो अजून चालू आहे. माणसं त्यामुळे शेवटचा आकडा बदलून तोच पासवर्ड फिरवत राहतात.

एक तक्रार हमखास येते. ब्राउझरमध्ये मेल उघडते, पण आउटलुकसारख्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पासवर्डची चौकट पुन:पुन्हा येते. इथेही पासवर्ड बरोबरच असतो. नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून थांबवलं, मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. जीमेलवर यातून वाट आहे. खात्यात दुहेरी पडताळणी सुरू करायची आणि त्या प्रोग्रॅमपुरता सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढून तो तिथे घालायचा.

यंत्र थकतं आणि खातं टिकतं, हे आपल्या भागाने मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याला उसाच्या वजनाची आणि खताच्या खात्याची नोंद गावातच मिळू लागली. काही वर्षांत ते संगणक जुने झाले, सांभाळायला महाग पडू लागले. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल देऊन पाहिला. एसएमएस पाठवला की उसाच्या वजनाची माहिती यायची, आणि काम चाललं. शेतकऱ्याला हवी होती ती नोंद. ती साखर कारखान्याच्या मुख्य संगणकात सुखरूप होती. गावातला संगणक हे तिथे पोचायचं एक दार होतं.

मामांच्या लॅपटॉपचंही तेच आहे. त्यांची पेन्शनची कागदपत्रं, विम्याच्या पावत्या, नातवाचे फोटो त्या यंत्रात नाहीत, खात्यात आहेत. आणि खात्याची खरी किल्ली पासवर्डपेक्षाही तिथे नोंदवलेला मोबाइल नंबर आहे. मी तपासलं तर तिथे त्यांचा आठ वर्षांपूर्वी बंद केलेला नंबर होता. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. पासवर्ड खरोखर विसरला असता तर कोड गेला असता अनोळखी माणसाच्या हातात. दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती गुगलने डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केलीय, हेही ध्यानात असू द्या.

अडचण आली की इंटरनेटवर मदतीचा फोन नंबर शोधू नका. जीमेलच्या फुकट खात्याला फोनवर मदत मिळत नाही. असा नंबर दाखवणारा आणि लॅपटॉपचा ताबा मागणारा भामटाच असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

येत्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसा. लॅपटॉपची तारीख बघा. मग खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन नोंदवलेला मोबाइल नंबर आणि पर्यायी मेल पत्ता त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि जुना असेल तर जागेवरून उठण्याआधी बदला.