शिंपल्यांची वेदी

ऑस्ट्रेलिया खंडाच्या वायव्य किनाऱ्यावर, ब्रूम नावाच्या बंदरापासून उत्तरेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर, बीगल बे हे एक लहानसे गाव आहे. तांबडी माती, विरळ झाडी आणि जवळच समुद्र. या गावात 1918 साली पुरे झालेले एक शुभ्र चर्च आहे. त्याच्या विटा तेथल्याच मातीच्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात, सरकारची करडी नजर पाठीशी असताना, जर्मन धर्मगुरूंनी व धर्मबंधूंनी तेथील आदिवासींच्या हातांना हात लावून ते उभारले. आत पाऊल टाकताच दृष्टी वेदीवर खिळते. कारण ती वेदी मोत्यांच्या शिंपल्यांनी मढविलेली आहे.

समुद्राकाठच्या आपल्या वाचकांना शिंपल्यांची नवलाई ती काय? परंतु या शिंपल्यांमागे एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात त्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा व्यापार वाढला, तेव्हा व्यापाऱ्यांनी आदिवासी पुरुषांना, आणि स्त्रियांनादेखील, धाकदपटशाने धरून नेऊन समुद्रात बुड्या मारावयास लावले. कित्येक जण पुन्हा वर आले नाहीत. त्याच समुद्राचा शिंपला आज पवित्र मिस्साच्या वेदीवर झळकत आहे. 'ही वेदी सुंदर आहे' असे म्हणणारा खोटे बोलत नाही. आणि 'हिच्यात अश्रू आहेत' असे म्हणणाराही खोटे बोलत नाही. आजच्या लेखात या दोन्ही गोष्टी आपणांपुढे ठेवावयाच्या आहेत.

कोणाचीही नसलेली भूमी?

26 जानेवारी 1788 रोजी इंग्रजांनी सिडनीच्या किनाऱ्यावर आपले निशाण रोवले. त्या वेळी या खंडावर माणसाची वस्ती होऊन पन्नास हजारांहून अधिक वर्षे लोटली होती. अडीचशेहून अधिक भाषा तेथे बोलल्या जात होत्या. कोणता झरा कोणत्या कुळाचा, कोणत्या टेकडीची कथा कोणी सांगावी, हे ठरलेले होते. परंतु नांगर नाही, कुंपण नाही आणि खरेदीखत नाही, एवढ्यावरून ती भूमी कोणाच्याच मालकीची नाही असे परकी राज्यकर्त्यांनी धरून चालले.

हे गृहीत मोडावयास दोनशेहून अधिक वर्षे लागली. टोरेस सामुद्रधुनीतील मर बेटाचे रहिवासी एडी माबो यांनी आपल्या वाडवडिलांच्या बागायतीच्या हद्दी सांगत न्यायालयाचे दार ठोठावले. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या गावकऱ्यांना त्या हद्दींचे मोल सांगावयास नको. 3 जून 1992 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र तो ऐकावयास माबो राहिले नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचे निधन झाले होते.

आश्रय आणि कुलूप

मिशनरींनी तेथे काय केले? केवळ स्तुती करणे सोपे आहे. केवळ निंदा करणेही तितकेच सोपे आहे. सत्य मात्र त्या दोहोंहून अवघड आहे.

बीगल बे येथे 1890 साली प्रथम आले ते फ्रान्समधील मौनव्रती ट्रॅपिस्ट संन्यासी. त्यांच्यामागून 1901 मध्ये जर्मनीचे पॅलोटाईन धर्मगुरू आले, आणि 1907 साली आयर्लंडच्या धर्मभगिनी. गोऱ्या मळेवाल्यांच्या बंदुकीपासून, व्यापाऱ्यांच्या दारूपासून आणि रोगराईपासून अनेकांना तेथे आसरा मिळाला, हे नाकारता येणार नाही. त्या धर्मगुरूंपैकी हर्मन नेकेस आणि अर्नेस्ट वर्म्स यांनी आदिवासींच्या भाषांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून त्या लिहून ठेवल्या. ज्यांना कोणी माणूस म्हणावयास तयार नव्हते, त्यांच्या बोलीला व्याकरण आहे असे दाखविणे ही लहान सेवा नव्हे.

परंतु 1905 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात एक कायदा झाला. त्यान्वये सरकारचा मुख्य संरक्षक हा सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक ठरला. जन्मदात्या आईचा हक्क कागदाच्या एका फटकाऱ्याने गेला. विशेषतः ज्या मुलांच्या अंगी गोऱ्या बापाचे रक्त होते, त्यांना आयांच्या कुशीतून उचलून दूरदूरच्या संस्थांत नेण्यात आले. किंबर्ली प्रदेशातून अशी अनेक मुले बीगल बे येथे आणली गेली. मुलांचे वसतिगृह निराळे, मुलींचे निराळे. शिस्त कडक, दिवस घंटेवर बांधलेला, आणि घरची बोली तोंडातून हळूहळू निघून चाललेली.

मुलाला आईपासून तोडणारा हात सरकारी शिपायाचा होता; परंतु ते मूल आत घेऊन दार लावणारा हात पुष्कळदा आपल्याच माणसांचा होता. ही माणसे दुष्ट होती काय? बहुतेक नव्हती. आपण एका जिवाचे तारण करीत आहोत अशीच त्यांची श्रद्धा होती. त्यांची चूक अशी, की शुभवर्तमान आणि युरोपीय राहणी या दोन वस्तू निराळ्या आहेत याचे भान त्यांना राहिले नाही. आईची भाषा आणि आईचा देश हिरावून घेऊन आईचा देव बदलता येतो, असे त्यांना वाटले. देवाच्या पुत्राने मात्र नाझरेथात मरियेच्या तोंडून बोलणे शिकून घेतले होते. आणि पेंटेकोस्टच्या दिवशी प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली होती.

हा धडा आपल्या प्रदेशाला अनोळखी नाही. 1616 साली ज्यांचे ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले, त्या फादर स्टीफन्स यांनी मराठी भाषेची थोरवी ओळखली आणि ख्रिस्तकथा ओवीत गायिली. पुढे 1684 साली त्याच गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोंकणी बोलणे सोडून देण्याचा हुकूम काढला. एकाच धर्माच्या छायेत एक हात भाषेला वेदीवर चढवीत होता आणि दुसरा तिला उंबऱ्याबाहेर काढीत होता. बीगल बे परिसरातील न्यूल न्यूल भाषेची गतही तशीच झाली. ती लहानपणापासून अस्खलित बोलणारी शेवटची पिढी विसाव्या शतकाच्या अखेरीस सरली, आणि आता नातवंडे लिहून ठेवलेल्या शब्दांवरून ती पुन्हा शिकू पाहत आहेत. त्या लिखाणात धर्मगुरूंचा मोठा वाटा आहे. मिशनच्या छायेत जी भाषा मावळली, तिचे शब्दही मिशनच्याच वह्यांतून शोधावे लागत आहेत.

जखम का भरत नाही?

कोणी म्हणेल, 'झाले गेले. आता उगाळून काय उपयोग?' तथापि ही जखम जुनी असली तरी वाहती आहे. आदिवासी व टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी हे ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी आहेत. परंतु तुरुंगातील सुमारे एक तृतीयांश माणसे त्यांचीच. देशातील मुलांमध्ये त्यांची मुले शंभरात सहा. मात्र आईबापांपासून काढून सरकारी देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांत त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. त्यांचे आयुर्मानही इतरांपेक्षा सुमारे आठ वर्षांनी कमी भरते.

असे का व्हावे? ज्या मुलीने आईची माया पाहिली नाही, केवळ घंटा आणि रांग पाहिली, तिने पुढे स्वतःच्या लेकराला कसे वाढवावे हे कोणाकडून शिकावे? घरातील ज्ञान हे विस्तवासारखे असते. एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर नेले तरच ते टिकते. मधली एक चूल विझली तर पुढच्या दहा थंड राहतात.

जमिनीचेही तसेच. 1993 च्या कायद्याने आदिवासींना जमिनीवरील परंपरागत हक्क सांगता येऊ लागला, परंतु आपली परंपरा अखंड चालू आहे हे त्यांनीच सिद्ध करावयाचे होते. मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांनी असा दावा लावला. त्यांच्या पूर्वजांनी 1881 साली, एका मिशनवर राहत असता, शेती करून स्थिर व्हावयास थोडी जमीन मिळावी असा अर्ज सरकारकडे केला होता. 1998 साली न्यायाधीशांनी तोच अर्ज त्यांची जुनी परंपरा तुटल्याच्या पुराव्यांत धरला आणि दावा फेटाळला. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. ज्याला घरातून बाहेर काढले त्यालाच 'तू घरात राहत नव्हतास' म्हणून हक्क नाकारावा, असा हा न्याय झाला.

पापनिवेदन

'हिरावलेल्या पिढ्यां'ची चौकशी करणाऱ्या आयोगाने 1997 साली आपला अहवाल संसदेपुढे ठेवला. पाचशेहून अधिक आदिवासींनी आपली कहाणी आयोगाला सांगितली होती. 1910 ते 1970 या काळात दर तीन ते दहा मुलांमागे एक मूल कुटुंबापासून हिरावले गेले, असा निष्कर्ष त्यात आहे. आयोगाचे प्रमुख सर रोनाल्ड विल्सन हे निवृत्त न्यायाधीश आणि निष्ठावंत प्रोटेस्टंट ख्रिस्ती. त्यांच्या चर्चतर्फे आदिवासी मुलांसाठी चालणाऱ्या एका बालगृहाचा त्यांना एके काळी अभिमान वाटे. तेथील मुलांवर अत्याचार झाले होते हे त्यांना या चौकशीतच कळले. त्यांनी ते लपविले नाही. आपल्या चर्चचा त्यात वाटा होता हे उघडपणे सांगितले. न्यायासनावर बसलेल्या माणसाने स्वतःच पापनिवेदनास गुडघे टेकावे, हे दृश्य विसरण्यासारखे नाही.

आपल्या चर्चनेही तोंड उघडले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1986 साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींना सांगितले, की त्यांची देणगी इतरांनी आनंदाने स्वीकारल्यावाचून ऑस्ट्रेलियातील चर्च पूर्णत्वास जाणार नाही. 2001 साली त्यांनी ओशिआनियातील मूलनिवासींवर झालेल्या अन्यायांत चर्चच्या लेकरांचा जो वाटा होता त्याबद्दल क्षमा मागितली. 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत राष्ट्राच्या वतीने क्षमायाचना केली. आणि 30 मार्च 2023 रोजी व्हॅटिकनने, परमुलुख 'शोधून काढणाऱ्या'स त्यावर सत्ता मिळते हा जुना सिद्धांत साफ नाकारला.

तरीही क्षमायाचनेने सारे संपत नाही. त्याच वर्षी, 14 ऑक्टोबरला, आदिवासींना संसदेपुढे आपले मत मांडणारे मंडळ घटनेने द्यावे की नाही यावर ऑस्ट्रेलियात सार्वमत झाले, आणि दहांपैकी सहा जणांनी 'नाही' म्हटले. प्रायश्चित्त संस्कारात आपण शिकतो, की पाप कबूल करणे ही पहिली पायरी. झालेली हानी भरून देणे ही पुढची. त्या देशाला पहिली पायरी चढता आली. दुसरीवर अजून पाय अडखळतो आहे.

ऐकून घेण्याची देणगी

एवढे सोसून ख्रिस्तावरची श्रद्धा सोडून जाणारे पुष्कळ निघाले. 1975 साली धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेले पहिले आदिवासी, ब्रूमचे पॅट्रिक डॉडसन यांनी 1981 मध्ये ते पद सोडले. पुढे त्यांनी आपले आयुष्य समेटाच्या कार्याला वाहिले. त्यांचे बंधू मिक डॉडसन यांनी सर रोनाल्ड यांच्यासह 1997 ची ती चौकशी केली.

आणि जे राहिले, त्यांची श्रद्धा उसनी राहिली नाही. डेली नदीकाठच्या शिक्षिका व चित्रकार मिरियम-रोझ उंगुनमर-बाउमन यांनी क्रूसाच्या वाटेची चित्रे आपल्या लोकांच्या रेषांत रंगविली. त्यांच्या भाषेत 'दादिरी' असा एक शब्द आहे. स्तब्ध बसून, मन रिते करून, खोलवर ऐकणे, असा त्याचा आशय. अशा ऐकण्यातच आपल्या लोकांना देव भेटतो, असे त्या सांगतात. जे शिकवावयास गेले, त्यांनी आधी दादिरी शिकून घेतली असती तर केवढे दुःख टळले असते!

प्रिय वाचकहो, बीगल बे आपल्यापासून फार दूर आहे. परंतु डोंगरपट्टीतील गरिबाची पोर 'तिचेच कल्याण होईल' असे म्हणून घरकामाला आणताना तिच्या आईला किती दिवसांनी भेटू द्यावयाचे, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? तिच्या बोलीला हसणारे आपल्या घरात कोणी नाही ना? दुसऱ्याचे भले आपण त्याला न विचारता ठरवितो, तेथेच त्या 1905 च्या कायद्याचे बीज पडते.

येत्या रविवारी वेदीपुढे गुडघे टेकाल तेव्हा क्षणभर त्या शिंपल्यांच्या वेदीचे स्मरण करा. ज्या आयांनी लेकरांची वाट पाहत डोळे मिटले, त्यांच्यासाठी एक नमो मरिया म्हणा. आणि घरी गेल्यावर, ज्याचे बोलणे आपण आजवर ऐकून घेतले नाही, अशा एका माणसाजवळ बसून त्याचे ऐका.