पांढऱ्या कपड्यांआडची धडधड

सकाळी आठ वाजता पाळी बदलते. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला 'ओव्हर' देते. चार नंबरचं सलाईन संपत आलंय. सात नंबरच्या आजोबांना पहाटे ताप होता. अकरा नंबर... अकरा नंबर रात्री अडीचला गेले. सगळं वहीत लिहिलं जातं. अकरा नंबरचे नातेवाईक टेबलाभोवती जमून ओरडू लागले तेव्हा त्याच सिस्टरच्या हातापायांना कापरं भरलं होतं, हे मात्र कुठेच लिहिलं जात नाही. वहीत तसा रकानाच नसतो.

असं कुठल्याही मोठ्या इस्पितळात घडतं आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. पण एका वर्षी ही धडधड इस्पितळाच्या भिंतीआड राहिली नाही. त्या वर्षीच्या जबलपूरची ही गोष्ट.

नागपूरहून सिवनीमार्गे निघावं, तिलवारा घाटाशी नर्मदा ओलांडावी, की थोड्या वेळात 'मेडिकल' येतं. १९५५ साली सुरू झालेलं नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय ते हेच. पण रिक्षावाल्याला एवढं लांबलचक नाव सांगून कुणी वेळ घालवत नाही. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर... आसपासच्या जिल्ह्यांत हात टेकले की पेशंट इथे येतो. नागपूर आणि जबलपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती, त्यामुळे मराठी घरंही इथे पिढ्यान् पिढ्या आहेत.

२० मार्च २०२० रोजी मध्य प्रदेशातले कोरोनाचे पहिले चार रुग्ण सापडले, ते याच शहरात. तिघे दुबईहून आलेले, एक जर्मनीहून. तोवर हा रोग टीव्हीवरचा होता. त्या दिवशी तो वॉर्डाच्या दारात उभा राहिला.

भीती कशाची?

डॉक्टर-नर्सना रोगाची भीती वाटली, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. क्षयाच्या वॉर्डात काम केलेली, एड्सच्या पेशंटचं रक्त काढलेली ही माणसं. रोगाशी त्यांची जुनी ओळख. या वेळची भीती वेगळी होती. ती ड्यूटी संपल्यावर सुरू होत होती.

पीपीई किट चढवलं की कित्येक तास पाणी नाही, बाथरूम नाही. वर उन्हाळा. तेही सोसता येत होतं. पण घरी गेल्यावर? दाराबाहेरच कपडे बादलीत टाकायचे, आंघोळ करायची आणि तरीही धावत येणाऱ्या पोराला 'लांब हो' म्हणून ओरडायचं. सासूबाईंना मधुमेह, सासऱ्यांना दमा. आपणच तर हे घरात आणणार नाही ना, हा प्रश्न ताटावर बसलं तरी सुटत नव्हता. अनेकींनी मुलांना माहेरी धाडलं. आईचा चेहरा मुलांना फोनच्या पडद्यावरच दिसायचा.

आणि शेजारी! संध्याकाळी पाच वाजता गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवणाऱ्या याच देशात, डॉक्टर आणि नर्स भाडेकरूंना खोली खाली करायला सांगितल्याच्या तक्रारी मार्च २०२० मध्येच दिल्लीपर्यंत पोचल्या होत्या. १ एप्रिलला इंदूरमध्ये तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. २२ एप्रिलला केंद्र सरकारने वटहुकूम काढला. साथीच्या काळात आरोग्यसेवकाला जबर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत कैद. त्याआधी २६ मार्चला पन्नास लाखांचा विमाही जाहीर झाला होता. विमा मिळतो मेल्यावर. जिवंतपणी सतावणाऱ्या भीतीचं काय करायचं, हे ठरायचंच होतं.

ते पुढच्या वर्षी निवासी डॉक्टरांनी उघड विचारलं. दुसरी लाट ओसरत होती. ३१ मे २०२१ पासून मध्य प्रदेशातल्या सहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले 'जूडा', म्हणजे ज्युनिअर डॉक्टर, संपावर गेले. जबलपूरचेही त्यात होते. बातम्यांत विद्यावेतनवाढ ठळक आली. पण मागण्यांत आणखी एक ओळ होती : कोरोना झाला तर आमच्यावर आणि आमच्या घरच्यांवर मोफत उपचार व्हावेत. ३ जूनला जबलपूरच्याच उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला, चोवीस तासांत कामावर हजर व्हायला सांगितलं. त्यावर सुमारे तीन हजार डॉक्टरांनी राजीनामे दिले. ७ जूनला संप मिटला.

साथ चालू असताना डॉक्टरांनी काम थांबवावं का? ज्याचा माणूस खाटेवर आहे तो 'नाही'च म्हणणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. पण 'आमची आई आजारी पडली तर तिला खाट मिळेल का?' हे विचारायला डॉक्टरला संपावर जावं लागावं, हेही काही ठीक नव्हे.

झोपलेल्याला उठवून झोपेची गोळी

इस्पितळाला ही भीती ऐकूच का येत नाही? याचं एक जुनं उत्तर आहे. इझाबेल मेंझीज या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका मोठ्या इस्पितळातल्या नर्सेसचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं : मृत्यू, वेदना, नातेवाइकांचा राग यांनी मनात उठणारी चिंता दाबण्यासाठीच इस्पितळाने आपले कडक रिवाज बसवले होते. एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांना गोळ्या द्यायच्या, म्हणजे एका पेशंटचा लळा लागायला नको. नेमून दिलेल्या वेळी गोळी द्यायची म्हणजे द्यायची, मग ती झोपेची असो आणि पेशंट गाढ झोपलेला असो! याने चिंता गेली का? नाही. शिकाऊ नर्सेसपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडून जात होत्या.

आपल्याकडची ओव्हरची वही हीसुद्धा त्याच घराण्यातली. ती हवीच, तिच्यावाचून पेशंटचा जीव जाईल. पण ओव्हर झाल्यावर मेट्रनने पाच मिनिटं थांबून 'रात्र कशी गेली गं?' असं विचारलं, तर त्याला कुठलं अनुदान लागत नाही.

भीतीचं दुसरं तोंड साथीशी जोडलेलं नाहीच. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरमधल्या एका खासगी इस्पितळाला आग लागली. आठ जण गेले, त्यांत पेशंटबरोबर कर्मचारीही होते. मग ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर इस्पितळात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभरचे निवासी डॉक्टर रस्त्यावर आले, मध्य प्रदेशातलेही. २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं आणि त्याच आदेशात एक जुनं नाव निघालं, अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएममधली ही परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला इस्पितळातच तिच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, ती त्याच इस्पितळात खाटेवर होती. तिच्यानंतर नोकरीला लागलेल्या सिस्टरांनी तिला न्हाऊ-माखू घातलं, भरवलं, आणि रात्रपाळीला त्याच आवारातून ये-जा केली.

घरात कुणी नर्स, डॉक्टर, लॅब टेक्निशियन किंवा वॉर्डबॉय असेल, तर घरच्यांना काही खुणा आधी दिसतात. सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही. फोन वाजला की छातीत धस्स होतं. गोळी बरोबर दिली ना, हे आठवून मध्यरात्री उठून बसणं. पेशंटविषयी एकदम तुसडं बोलणं. 'तू तर मेडिकलमधली, तुला काय भीती?' हे वाक्य अशा वेळी सर्वांत वाईट. केंद्र सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र मोफत चालू आहे. तिथे आपल्या भाषेत बोलता येतं, आणि तो इस्पितळात काम करणाऱ्यांसाठीही आहे, हे बहुधा त्यांच्याच ध्यानात येत नाही. हजारदा दुसऱ्यांना नंबर लिहून दिलेला असतो.