बाभूळ म्हणजे नेमकी कोणती?

जालना जिल्ह्यात अंबडहून घनसावंगीकडे जाताना रस्त्याकडेच्या काटेरी झाडांचं नाव विचारलं, तर बहुधा एकच उत्तर येतं : बाभळी. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. या एका शब्दाखाली आपण निदान पाच झाडं गोळा केली आहेत.

पहिली गावरान बाभूळ. पिवळी गोल फुलं, लांब पांढरट काटे, आणि मण्यांच्या माळेसारखी दाण्यागणिक आवळलेली शेंग. सरळ उंच वाढणारी रामकाठी हा तिचाच प्रकार. तिची सावली पिकावर कमी पडते, म्हणून ती बांधावर चालते.

दुसरी सुबाभूळ, मूळची मेक्सिकोकडची. हिला काटे नाहीत, फुलं गोल पण पांढरी, शेंग चपटी.

तिसरी वेडी बाभूळ, हीसुद्धा अमेरिका खंडातून आलेली. हिचं फूल गोल नसतं, लांबट तुरा असतो. खरा घोळ इथे आहे. हिरव्या सालीच्या, लोंबत्या पानांच्या चौथ्या एका झाडालाही लोक वेडी बाभूळ म्हणतात. त्यालाच कुणी देवबाभूळ म्हणतं, आणि देवबाभूळ हे नाव सुगंधी पिवळ्या फुलांच्या पाचव्या झाडालाही आहे!

असं का होतं? आपण नाव देतो ते दिसण्यावरून : बारीक पाला दिसला, की बाभूळ. बोलताना तेवढ्यावर भागतं. शेळीच्या चाऱ्याचा प्रश्न आला, की भागत नाही. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन नावाचं विषारी द्रव्यही असतं. बराच काळ मुख्यतः तोच पाला घातला, तर जनावराचे केस गळतात, वाढ खुंटते. म्हणून तो इतर चाऱ्यात मिसळूनच द्यावा. 'बाभळीचा पाला चालतो' या सल्ल्यात ही गोष्ट हरवते.

शास्त्रीय नावंही बदलतात, हे खरं. 2005 च्या व्हिएन्ना काँग्रेसमधल्या निर्णयानंतर आपली बाभूळ 'अकेशिया'ची 'व्हॅचेलिया निलोटिका' झाली. पण ते नाव एका वेळी एकाच झाडाचं असतं.

म्हणजे गावातली नावं टाकायची का? मुळीच नाही. फक्त सोबत तीन प्रश्न विचारू : काटा आहे का? फूल गोल की तुरा, आणि रंग कोणता? शेंग माळेसारखी की चपटी? एवढ्यावर बहुतेक वेळा आपली बाभूळ ओळखू येते.