मातीच्या गडाची साक्ष

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळा पाषाण, बुरूज आणि दिंडीदरवाजा उभा राहतो. दक्षिण इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टर गावाजवळच्या ‘मेडन कॅसल’वर असे काही शोधू जाल तर निराशाच पदरी पडेल. तेथे दिसते ते नुसते गवत, चरणारी मेंढरे आणि टेकडीला एकामागून एक वेढे घालून बसलेले मातीचे प्रचंड तट. तरीही ब्रिटनमधील लोहयुगाच्या थोरल्या गडांत याची गणना होते.

टेकडी आहे खडूच्या दगडाची. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास तिच्या पूर्वभागाभोवती पहिला तट पडला. पुढे दीडशे वर्षांनी गड पश्चिमेस वाढला आणि सुमारे ४७ एकर जमीन तटाच्या आत आली. हे काम करणारे लोक केल्टिक कुळातील भाषा बोलत. आत त्यांची गोल, शाकारलेली घरे होती आणि घरांच्या आसपास धान्याची पेवे. पेव कसे राखतात हे आपल्या आजीपणजींना सांगावे लागले नसते! खड्ड्याचे तोंड घट्ट लिंपले की आतला प्राणवायू दाणेच संपवून टाकतात आणि कीड जगत नाही. संरक्षणासाठी गोफणगुंड्यांचे ढीगच्या ढीग साठवलेले होते. त्यांतल्या एकाच साठ्यात समुद्रकाठचे वीस हजारांहून अधिक गोटे निघाले.

हे सारे उजेडात आणले मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी. १९३४ ते १९३७ या काळात त्यांनी येथे उत्खनन केले. टेसाबाईंना त्याचा शेवट पाहायला मिळाला नाही; त्या १९३६ सालीच वारल्या. त्या खणणाऱ्यांत लंडनला शिकायला गेलेले एक भारतीय तरुणही होते. त्यांचे नाव हसमुख सांकळिया. हेच सांकळिया १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया त्यांनी घातला. व्हीलरसाहेबही १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होऊन आले. चौकोन आखून, मातीचा एकेक थर ओळखून खणण्याची त्यांची शिस्त आपल्या अभ्यासकांच्या एका पिढीने त्यांच्या हाताखाली गिरवली.

मेडन कॅसलच्या पूर्व दरवाजापाशी व्हीलरांना पन्नासेक सांगाडे सापडले. काहींच्या कवट्यांवर तलवारीचे घाव होते, तर एकाच्या मणक्यात लोखंडी टोक रुतून बसले होते. ते टोक रोमन यंत्रधनुष्याच्या बाणाचे, असा व्हीलरांनी निर्णय दिला. इसवी सन ४३ मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि पुढे सम्राट झालेल्या व्हेस्पेशियनने या भागातील गड घेतले, हे इतिहासाला ठाऊक होतेच. व्हीलरांनी दुवा जोडला: बाणांचा वर्षाव, दरवाजाशी कत्तल आणि रात्रीच्या अंधारात वाचलेल्यांनी घाईघाईने पुरलेले आप्त! १९४३ साली ग्रंथ निघाला आणि ही करुण कथा लोकांच्या मनात घर करून बसली.

आता हाडांनीच वेगळी साक्ष दिली आहे. बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी कार्बनच्या साहाय्याने त्यांचे वय पुन्हा मोजले. २०२५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ही माणसे एका रात्रीत मेली नाहीत. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दशकांपासून पुढच्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, दोन-तीन पिढ्यांत ती मेली. त्यांतले पुष्कळजण रोमन येण्याच्या कितीतरी आधीच मातीआड झाले होते. घाव खरेच होते. पण ते बहुधा आपसांतल्या वैराचे, भाऊबंदकीचे असावेत, असे संशोधकांना वाटते.

याच लोकांविषयी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. ड्युरोट्रिजिस हे या टोळीचे नाव. डॉर्सेटमधीलच विंटरबोर्न किंग्स्टन येथील त्यांच्या दफनभूमीतील सांगाड्यांची आनुवंशिक तपासणी झाली. बहुतेक माणसे एकाच आईच्या वंशातली निघाली आणि बाहेरून आलेले होते ते पुरुष. म्हणजे लेकी माहेरी राहत आणि जावई घरी येत! घरजावयाची चेष्टा करणाऱ्या आपल्या समाजाने यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

मग व्हीलरांचे काम वाया गेले का? मुळीच नाही. कोणता सांगाडा कोठे, कशा स्थितीत, कोणत्या थरात मिळाला याची टिपणे त्यांनी काटेकोरपणे ठेवली. हाडे जपली गेली. त्यांच्या हयातीत निघालेला अर्थ नंतरच्यांना तपासता आला तो यामुळेच. विद्वानाचा तर्क चुकू शकतो. त्याने पुरावा प्रामाणिकपणे राखला असेल, तर ती चूक दुरुस्त करण्याची सोय तोच मागे ठेवून जातो.

मणक्यात टोक रुतलेला तो अनाम वीर डॉर्चेस्टरच्या संग्रहालयात आहे. तो रोमन बाणाने पडला असे सांगताना पाहणारे पिढ्यान् पिढ्या हळहळले. कदाचित शेजारच्या गावच्या, त्याचीच भाषा बोलणाऱ्या माणसाने त्याला मारले असेल. परक्याने मारले यापेक्षा ही गोष्ट ऐकायला जड जाते. पण ऐकायला हवी.