अडीचशे फेऱ्यांचा राग

संगीताचा रसिक स्वतःच्या श्रवणाचा हिशेब सहसा ठेवीत नाही. ज्या घरांत खर्चाची वही नेमाने लिहिली जाते, आल्यागेल्या पत्रांची बारनिशी असते, त्या घरांतही कोणते गाणे केव्हा ऐकले, कितीदा ऐकले आणि ऐकताना काय हाती लागले, याची नोंद कोठे सापडावयाची नाही. गेल्या पाडव्यापासून यंदाच्या पाडव्यापर्यंत मी अशी नोंद ठेवली, आणि त्या वहीच्या आधाराने हा मजकूर लिहीत आहे.

निमित्त झाले ते आजोबांच्या तबकड्यांचे. आजोबा सांगली संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, आणि दफ्तरातील शिस्त त्यांनी आपल्या एकुलत्या एका शौकासही लावली होती. प्रत्येक तबकडीच्या कागदी पाकिटावर टाकाच्या बारीक अक्षरात राग, ताल, खरेदीची तारीख आणि किंमत लिहिलेली आहे. काही पाकिटांवर त्याखाली ‘पहाटे लावणे’ किंवा ‘पावसाळ्यात’ एवढाच शेरा आहे. हे शेरे हुकमासारखे मानावयाचे, एका आठवड्यास एकच तबकडी घ्यावयाची, तिच्या दोन्ही बाजू रागाच्या वेळेस ऐकावयाच्या आणि त्या आठवड्यात अन्य गाणे कानी पडू द्यावयाचे नाही, असा शिरस्ता मी घालून घेतला. आज कोणतेही गाणे मागताक्षणी मिळते. त्या सुबत्तेबद्दल माझी तक्रार नाही, परंतु एका गाण्याशी आठवडाभर एकांत करावयाचा तर कुंपण आपले आपणच घालावे लागते.

ऐकण्यापूर्वी तबकडी धुवावी लागते, आणि हे काम मी वर्षभर कोणावर सोपविले नाही. या जुन्या तबकड्या लाखेच्या. पळस, कुसुंब, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची लाख, तीत दगडाची बारीक पूड आणि काळेपणासाठी काजळी, असे ते मिश्रण तापवून साच्यात दाबीत असत. जगाला लागणारी लाख बहुतांशी आपल्याच देशातून जात असे. दगडाची पूड केवळ वजनासाठी घातलेली नव्हती. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच त्या पुडीवर घासली जाऊन चरीच्या आकाराची व्हावी, अशी ती योजना होती. म्हणून एका बाजूस एक पिन हा नियम, आणि म्हणूनच जुन्या गाण्यामागे ती अखंड खरखर. लाखेस स्पिरिट लागता कामा नये, कारण लाख स्पिरिटात विरघळते: ज्या द्रवाच्या साह्याने सुतार लाकडास पॉलिश चढवितो, त्याच द्रवाने येथे गाणे पुसले जाते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ कुंचला चरीच्या दिशेने, वर्तुळातच फिरवावयाचा. मधल्या कागदी चिठ्ठीस ओल लागू द्यावयाची नाही. मग स्वच्छ पाण्याने निथळून तबकडी सावलीत उभी करावयाची. प्रथम पाण्यावर एक राखाडी साय येते. ती अनेक दशकांची धूळ आणि बुरशी. ती निघून गेली की तिरप्या उजेडात चरी दिसू लागतात, आणि सराव झालेल्या डोळ्यास त्यांत गाणेही थोडेबहुत दिसते: जोरकस तानेच्या जागी चर नागमोडी होऊन उजेड विस्कटतो, आणि लांब धरलेल्या स्वराच्या जागी तो शांत, एकसारखा पसरतो.

चावीचा ग्रामोफोन मी राखला आहे, पण रोजच्या ऐकण्यास तो वापरीत नाही. त्याचा हात पिनेवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकतो, आणि त्या भाराखाली तबकडी थोडी थोडी झिजतेच. रोजचे श्रवण विजेच्या यंत्रावर, या जुन्या रुंद चरींसाठी घडविलेल्या सुईने. अलीकडच्या लाँग प्ले तबकडीची सुई त्यांत घातली तर ती भिंतींना न टेकता तळाशी रखडते आणि सारी खरखर तेवढी वर आणते. रविवारी मात्र एकवार चावी देऊन, कर्ण्यातून, अभ्रकाच्या चकतीच्या कंपनातून तेच गाणे ऐकले, कारण आजोबांनी ज्या आवाजावर प्रेम केले तो हा आवाज होता.

यानंतर गतीची रुजवात. मिनिटास 78 फेरे हे प्रमाण पुढे ठरले; आरंभीच्या काळात मुद्रणाची गती थोडी मागेपुढे होत असे, आणि गती 78 वरून 74 च्या खाली किंचित उतरली की सबंध गाणे अर्ध्या स्वराने खाली येते. गायकाचा षड्ज बदलतो, आवाजाचे वय बदलते. प्रत्येक तबकडीचा षड्ज तंबोऱ्यावर मिळवून वहीत टिपावयाचा, त्याच गायकाच्या इतर तबकड्यांशी तो ताडून पाहावयाचा, आणि मग ऐकावयास बसावयाचे, असा क्रम ठरला. तंबोरा मिरजेचा, सतारमेकर गल्लीत दुरुस्त करून आणलेला. ध्वनिमुद्रणात तंबोरा बहुधा ऐकूच येत नाही, विशेषतः 1925 च्या सुमारास विजेची पद्धत निघण्यापूर्वीच्या मुद्रणांत, जेथे गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि बाकीचे आवाज जमतील तेवढे आत शिरावयाचे. तो हरवलेला तंबोरा मी माझ्या खोलीत धरला, की गाण्याचे हाडपेर उघडे पडल्यासारखे वाटे ते वाटेनासे होई.

दहा इंची तबकडीची एक बाजू तीन, सव्वातीन मिनिटे चालते. म्हणजे सुईच्या प्रवासाचे सुमारे अडीचशे फेरे. विलंबित ख्यालाचे एक आवर्तन पाऊण मिनिटाचे धरले तर एका बाजूत चारच आवर्तने बसतात, आणि मैफलीत गवई ज्या वेळात अजून तंबोऱ्याकडे कान देऊन बसलेला असे, तेवढ्या वेळात येथे सारा राग उलगडून समेवर मिटावयाचा. यावरून, या तबकड्या म्हणजे मैफलीची कापून काढलेली चिंधी, असा एक समज रसिकांत रूढ आहे, आणि वर्षारंभी मीही तो फारसा न तपासता बाळगीत होतो. वर्षभराच्या ऐकण्याने माझे मत असे झाले की, श्रेष्ठ गवयांनी या सव्वातीन मिनिटांसाठी एक स्वतंत्र घाट निर्माण केला, आणि तो घाट प्रत्येकाचा निराळा आहे. मैफलीत विस्ताराखाली झाकला जाणारा गवयाचा मूळ कल येथे निर्णयाच्या रूपाने दिसतो. काय घ्यावयाचे, काय टाकावयाचे, याचा फैसला त्याला टाळता येत नाही.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील प्रसिद्ध ठुमरी हे याचे मला सर्वांत मोठे प्रमाण वाटते. ही ठुमरी 1935 च्या ‘देवदास’ बोलपटात सैगलनेही गायिली आणि ती घरोघर पोहोचली. परंतु खाँसाहेबांच्या तबकडीचा आठवडा मला ज्येष्ठात आला, आणि तो आठवडा वहीत चांगली पाने खाऊन बसला आहे. पहिल्या दिवशी फक्त गोडी लागली. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की आपल्याकडे वेळ कमी आहे याची या गायकास जाणीवच नाही. म्हणजे जाणीव असलीच पाहिजे, पण तिची सावली स्वरावर पडलेली नाही. धैवतावरून षड्जाकडे, मग ऋषभ, मध्यम आणि परतून गंधार ही झिंझोटीची वाट कोणीही चालेल. खाँसाहेब गंधारावर येतात आणि थांबतात. त्या थांबण्यात आवाज बारीक होतो, पण ढळत नाही. तंबोऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो त्यात तो मिसळून जातो, आणि माझ्या हातातील तंबोरा त्या क्षणी वाजत आहे की तबकडीतील कंठ, हे काही पळे सांगता येत नाही. ज्याच्याजवळ मोजकीच मिनिटे आहेत त्याने इतका वेळ एका स्वरावर खर्चावा, हा त्यांचा फैसला. मला तो संपत्तीचा फैसला वाटतो.

मिरज आणि खाँसाहेबांचे किराणा घराणे यांचे नाते सांगावयास नको. 1872 मध्ये उत्तरेत, कैराण्यास जन्मलेला हा पुरुष महाराष्ट्रात स्थिरावला, 1913 मध्ये पुण्यास त्याने आर्य संगीत विद्यालय काढले, पुढे मिरजेस वास्तव्य केले; आणि 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेच्या दौऱ्यात, पुदुच्चेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमलकोइल या लहानशा स्टेशनात देह ठेवला. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. कर्नाटकी संगीताशी त्यांचा जो स्नेह होता, त्याची साक्ष त्यांच्याच एका तबकडीत आहे: त्यागराजांची खरहरप्रिय रागातील कृती त्यांनी गायिली आहे. सरगम ते ज्या सहजतेने घेतात तीही त्याच स्नेहाची खूण मानतात. आपल्याकडे घराण्यांच्या सीमा राखणारे पुष्कळ झाले. त्या सीमेपलीकडे आदराने जाऊन बसणारा एवढा मोठा गवई विरळा.

आषाढात ‘पावसाळ्यात’ हा शेरा असलेले पाकीट काढले: केसरबाई केरकरांचा गौडमल्हार. येथे सारा व्यवहारच पालटतो. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त किराणा घराणे स्वराच्या टोकास आणि आग्रा लयीच्या टोकास ठेवून अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली गायकीस दोहोंचा तोल साधणारी म्हटले आहे; ते विधान पुस्तकात वाचणे निराळे आणि झिंझोटीनंतर काही आठवड्यांनी या गौडमल्हारात त्याचा प्रत्यय घेणे निराळे. मोकळा, भरदार आकार. एका स्वराचा हात धरूनच दुसऱ्या स्वरावर जाणे. मात्रेशी गुंफलेली तान, जी कोठे सुरू झाली ते कळते पण कोठे तुटेल अशी भीती वाटत नाही. आणि सम, जी येणार हे आधीपासून दिसत असूनही आली की समाधानाचा हुंकार उमटतोच. स्वर आणि लय यांचा हा ताणाबाणा इतका घट्ट आहे की त्यातून एक धागा वेगळा काढून दाखविता येत नाही. माझ्या मते सव्वातीन मिनिटांचा जाच या गायकीसच अधिक झाला आहे. किराण्याचा एक स्वर आपल्यापुरता पूर्ण असू शकतो. या गायकीस मात्र आवर्तनामागून आवर्तन चढवीत जावे लागते, आणि कळसाचा दगड हाती घ्यावा तो चर संपते. केसरबाईंनी यावर काढलेला तोडगा असा, की त्या आरंभच उंचीवरून करतात: लय मध्य, पाया गृहीत, आणि पहिल्या आवर्तनापासून इमारत. ऐकणाऱ्याने पाया स्वतःच्या मनात बांधून यावे ही त्यांची अपेक्षा आहे, आणि ती रास्त आहे.

या दोन आठवड्यांनी मला एका अभावाकडे नेले. ज्या अल्लादिया खाँसाहेबांनी (1855–1946) ही गायकी रचिली आणि केसरबाईंना सुमारे पंचवीस वर्षे तालीम दिली, त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले. 1911 साली ‘भारत गायन समाज’ पुण्यात स्थापणाऱ्या या थोर गवयाचाही स्वर मागे राहिला नाही. यंत्र तर 1902 सालीच आले होते. त्या वर्षी ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला, त्याने गौहर जानचे गाणे मेणावर घेतले, मेणाच्या त्या वड्या जर्मनीत हॅनोव्हरला गेल्या आणि तेथून तबकड्या होऊन परतल्या. गौहर जानने गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारले आहे. संग्रहातील तिची तबकडी लावली की शंभर वर्षांपलीकडील तो ठसकेबाज उच्चार अजून स्वच्छ ऐकू येतो, आणि भास्करबुवांचा एक षड्जही येत नाही. याचे मला वाईट वाटते, आणि ते वाटणे वयाबरोबर वाढत आहे.

मग जे नाही ते जेथे उरले असेल तेथे शोधावयाचे. 1916 च्या ‘स्वयंवर’ नाटकाची पदे भास्करबुवांच्या चालींवर बसली, आणि बालगंधर्व त्यांचेच शिष्य, म्हणून बालगंधर्वांच्या तबकड्यांचे आठवडे आले तेव्हा मी नाटक बाजूस ठेवून केवळ चालीची वळणे ऐकली: यमनाचा चेहरा पहिल्या ओळीतच कसा उमटविला आहे, शब्द न मोडता राग कसा वाहता ठेवला आहे. अल्लादिया खाँसाहेबांसाठी केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर अशा दोघींच्या तबकड्या लागोपाठच्या आठवड्यांत घेतल्या. दोघी गोमंतकाच्या, दोघींना एकाच गुरूची तालीम, आणि तरीही दोन भिन्न स्वभाव: केसरबाईंच्या गाण्यात ऐश्वर्य पुढे येते, मोगूबाईंच्या गाण्यात लयीचे आत वळलेले, संयमी चिंतन. जे दोघींत सामायिक सापडेल ते गुरूचे, असा ढोबळ न्याय लावून मी वहीत तीन रकाने पाडले: दोघींचा एकेक आणि तिसरा सामायिकाचा. तानेच्या मध्यावर लय न बदलता वजन बदलणे. शब्दाचा आघात सममात्रेवर न देता तिच्या कडेस देणे. श्वास घेतल्याचे कळू न देणे. तिसऱ्या रकान्यात आज एवढेच आहे, आणि त्यातीलही किती नोंदी टिकतील हे आणखी ऐकल्यावर ठरेल.

फाल्गुनात अब्दुल करीम खाँसाहेबांचा वसंत झाला आणि वर्ष पुरे झाले. एका तबकडीस एक आठवडा हे माप आता मला अपुरे वाटते, म्हणून यंदाच्या पाडव्यापासून ते महिन्याचे केले आहे. पहिला महिना केसरबाईंच्या ललितास दिला आहे. पंचम नसलेल्या, दोन मध्यमांवर तोललेल्या या रागासाठी पाकिटावर ‘पहाटे लावणे’ असा शेरा आहेच. पाच वाजता तंबोरा लावतो, आणि दोन मध्यमांमधील त्यांच्या ये-जा करण्यात गुरूचे किती व त्यांचे किती, यासाठी वहीत नवीन पान आखले आहे.