कागदावरचा उजेड

नाटकाची प्रकाशयोजना दिवे टांगण्याआधी कागदावर उतरते. संहिता वाचताना प्रकाशयोजनाकार प्रत्येक प्रसंगाची वेळ, जागा आणि उजेड कुठून येतो हे टिपून ठेवतो: खिडकी, कंदील, देवघरातली समई. त्यातून छोटी रेखाटने तयार होतात. काळ्या किंवा करड्या कागदावर पांढरा खडू त्यासाठी सोयीचा, कारण रंगमंचही अंधारापासूनच सुरू होतो. खुर्ची किंवा पात्र तपशिलात काढायचे नसते. त्यांच्यावर पडणारा उजेड तेवढा काढायचा असतो. स्वित्झर्लंडच्या अडोल्फ आप्पिया (१८६२–१९२८) यांनी जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतिकांसाठी केलेली छायाप्रकाशाची रेखाटने या पद्धतीचा पाया मानली जातात.

रेखाटने प्रसंगांच्या क्रमाने लावली की स्टोरीबोर्ड होतो. पण तो पडद्यासाठीच्या स्टोरीबोर्डपेक्षा वेगळा असतो. मुंबईजवळच्या नायगाव पूर्वेच्या स्टुडिओंत दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरण चालते. तिथे कॅमेरा हलला की चौकट बदलते आणि लाइटिंग त्या शॉटपुरते होते. वसई खाडीपलीकडे बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात मात्र पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांसमोर रंगमंचाची एकच चौकट असते. क्लोजअपचे काम तिथे प्रकाशालाच करावे लागते. म्हणून नाटकाच्या स्टोरीबोर्डमध्ये चौकट तीच राहते, उजेड बदलत जातो.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात घरातले पिढीजात दागिने रात्री बाहेर निघतात आणि घरची थोरली सून, वहिनी, ते अंगावर घालते. या प्रसंगाचा स्टोरीबोर्ड चार चौकटींत मांडता येतो. पहिलीत वाडा अंधारा, खोलीत मंद उजेड. दुसरीत उजेड आक्रसून दागिन्यांचा डबा आणि हात यांच्यापुरता उरतो. तिसरीत बाजूने आलेल्या पिवळसर प्रकाशात सोने चमकते, मागच्या भिंती निळसर आणि थंड. चौथीत दागिने पुन्हा डब्यात, उजेड सपाट. प्रत्येक चौकटीखाली संवादाचा शेवटचा शब्द, पात्रांची ये-जा आणि बदलाला लागणारे सेकंद लिहायचे. दुसरी चौकट दोन सेकंदांत आली तर प्रेक्षक दचकेल. वीस सेकंदांत आली तर त्याची नजर नकळत डब्याकडे जाईल.

यानंतर लाइट प्लॉट. नेपथ्याच्या प्रमाणबद्ध आराखड्यावर रंगमंचाचे भाग पाडून दिवे टांगायच्या कुठल्या बारवर स्पॉट, फ्रेनेल की पार यांपैकी कोणता दिवा, त्यावर कोणता जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) आणि उजेड कमी-जास्त करायला कोणता डिमर हे ठरते. अमेरिकेच्या स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२च्या पुस्तकात मांडलेली रीत आजही शिकवली जाते: प्रत्येक भागावर समोरून, दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांत दिवे, एक उबदार रंगाचा, दुसरा थंड. स्टोरीबोर्डवरून क्यू शीट, म्हणजे प्रकाशबदलांची क्रमवार यादी, तयार होते आणि रंगीत तालमीत क्यूंच्या वेळा पक्क्या होतात.

मराठी व्यावसायिक नाटक आज ठाण्यात, उद्या पुण्यात असते. बारची उंची, दिव्यांची संख्या, डिमरची क्षमता प्रत्येक नाट्यगृहात वेगळी, आणि प्रयोगाआधी हाताशी थोडेच तास. प्लॉट दर ठिकाणी बदलावा लागतो. काय दिसायला हवे हे मात्र स्टोरीबोर्ड सांगतो. बाजूचा स्पॉट मिळाला नाही तर विंगेतला एखादा दिवा तेच काम करू शकतो, फक्त सोने चमकले पाहिजे. आता संगणकावर त्रिमितीय चित्रे करता येतात, तरी विचार स्पष्ट करायला खडूचे रेखाटन पुरते. मूळ प्रकाशयोजनाकार हजर नसताना दुसऱ्या ऑपरेटरला स्टोरीबोर्डवरून प्रयोग नीट करता आला, तर तो चांगला.